श्वानपथक : नाक कुत्र्याचं, जबाबदारी माणसाची

पोलिसांच्या कुत्र्यांवर बोलणार म्हटल्यावर आज पुढच्या दोन रांगांत शाळेतली मुलं बसलेली दिसतायत. त्यांना आधीच सांगून ठेवतो, आज कुत्रा आणलेला नाही. का आणला नाही, ते शेवटी कळेल.

उपनगरात राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना हे कुत्रे ओळखीचे आहेत. अंधेरी स्टेशनच्या पुलावर दिसतात, विमानतळावर दिसतात, घाटकोपर-मुलुंडच्या मॉलच्या दाराशी दिसतात. कुत्रा गाडीभोवती एक फेरी मारतो, काही करत नाही, आणि आपण निर्धास्त आत जातो. हा निर्धास्तपणा कशावर टिकलाय, एवढंच आज बघायचं आहे.

हा प्रश्न हौसेचा नाही, कारण त्याला आपल्याच स्टेशनांचा इतिहास आहे. २ डिसेंबर २००२ ला घाटकोपर स्टेशनबाहेर बसमध्ये स्फोट झाला. १३ मार्च २००३ ला मुलुंडला लोकलमध्ये झाला. त्याच वर्षी जुलैत पुन्हा घाटकोपरला बसमध्ये. ११ जुलै २००६ ला तर पश्चिम रेल्वेवर अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, त्यात जोगेश्वरी आणि बोरिवलीही होती. स्टेशनवर कुत्रा हिंडताना दिसतो तो या सगळ्यानंतरचा आहे.

आता थोडं मागे जाऊ. मुंबई पोलिसांचं श्वानपथक १९५९ साली तीन डॉबरमन घेऊन सुरू झालं. त्या कुत्र्यांचं काम माग काढण्याचं होतं. चोरी किंवा खून झाला, की जागेवरच्या वस्तूचा वास द्यायचा आणि तो वास जिथे जातो तिथे जायचं. गावाकडे, मोकळ्या रानात हे काम छान चालतं. आपल्याकडे मात्र माग बऱ्याचदा रिक्षा स्टँडपर्यंत जातो आणि संपतो. माणूस रिक्षात बसला, विषय मिटला. शिवाय पावसाळा. स्फोटकं शोधणारा कुत्रा हा वेगळा प्रकार. तो कुणाच्या मागे जात नाही. ठराविक पदार्थांचे वास त्याला शिकवलेले असतात, आणि त्यातला एखादा आला की तो गुपचूप खाली बसतो. भुंकत नाही, पंजाने उकरत नाही. बॉम्ब उकरणारा कुत्रा कुणालाच नको असतो.

हे त्याला शिकवतात कसं? कुत्र्याला बॉम्ब म्हणजे काय हे कधीच कळत नाही. त्याला कळतो बॉल. हा वास आला, मी बसलो, की बॉल मिळतो. सहा-नऊ महिन्यांचं सगळं प्रशिक्षण या एका सौद्यावर उभं असतं. यातली गोम अशी, की कुत्रा नेमकं काय शिकला हे आपल्याला दिसत नाही. नमुना रोज त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलात, तर तो पिशवीचा वास शिकतो. रोज एकाच माणसाने हातमोजे घालून ठेवलात, तर हातमोज्याचा शिकतो. परीक्षेत शंभर टक्के गुण, आणि प्रत्यक्षात शून्य! म्हणून चांगल्या केंद्रात रिकाम्या पिशव्या आणि कोरे हातमोजेही लपवतात, आणि त्यांच्यापाशी बसणाऱ्या कुत्र्याला बॉल देत नाहीत.

हे सगळं जुळून आलं की काय होतं, त्याचं उदाहरण मुंबईकरांना पाठ आहे. झंजीर. लॅब्रेडॉर, पुण्याच्या सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला, १९९२ च्या डिसेंबरअखेर बॉम्बशोधक व नाशक पथकात आला. अडीच महिन्यांत १२ मार्च १९९३ उजाडला. त्या काळात त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं शोधून दिल्याची नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये हाडाच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. त्या फुलांनी झाकलेल्या कुत्र्याचा फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. फोटोत झंजीर दिसतो. त्याच्या पट्ट्याचं दुसरं टोक ज्याच्या हातात असायचं, तो कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि आम्हाला बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

पोलीस खात्यात त्याला श्वान हस्तक म्हणतात. वर्तमानपत्रात ‘हस्तक’ नेहमी शत्रूचा असतो, त्यामुळे हा शब्द पहिल्यांदा ऐकताना जरा दचकायला होतं. कुत्र्याला कुठे न्यायचं हे हस्तक ठरवतो. आणि कुत्रा ‘बसला’ की नुसता थांबला, हेही तोच ठरवतो. सव्वीस अकराच्या हल्ल्यानंतर सीएसटीवर लोकांच्या टाकून दिलेल्या बॅगांचा ढीग पडला होता. त्या सामानात एक जिवंत बॉम्ब सापडला तो ३ डिसेंबरला, म्हणजे आठवडाभराने. एवढ्या सामानात कुठली बॅग आधी तपासायची, हे काही कुत्रा सांगत नाही.

दुसरी अडचण याहून बारीक आहे. शंभरेक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खुराने टकटक करून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं, की घोड्याला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान किंचित हलायची, तेवढं त्याला दिसायचं. कुत्रा तर माणसाकडे घोड्यापेक्षा जास्त बघतो. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अठरा जोड्या, म्हणजे कुत्रा आणि हस्तक, एका चर्चमध्ये तपासणीला सोडल्या. तिथे ना अमली पदार्थ होते, ना स्फोटकं. काही जागी लाल कागद लावले होते, आणि हस्तकांना सांगितलं होतं की कागद असेल तिथे वास आहे. एकूण १४४ फेऱ्या झाल्या. त्यातल्या फक्त २१ फेऱ्यांत ‘इथे काही नाही’ हे बरोबर उत्तर आलं. बाकी सगळीकडे कुणी ना कुणी काहीतरी सापडल्याचं सांगितलं. यात कुणी लबाड नव्हतं. माणसाला वाटलं, आणि ते पट्ट्यातून खाली उतरलं.

आपल्या न्यायालयांना हे फार आधी जाणवलं होतं, तेही महाराष्ट्रातल्या एका रेल्वे घातपाताच्या खटल्यात. अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६९. सर्वोच्च न्यायालयापुढे मुद्दा असा आला, की कुत्रा काही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही. त्याच्या वतीने हस्तक बोलणार, आणि त्याचं बोलणं म्हणजे त्याने लावलेला अर्थ. न्यायालयाने असं धरलं, की हा पुरावा मान्य केला तरी त्याला सहसा फारसं वजन नाही. २००१ आणि २००८ च्या निकालांतही हाच सूर आहे. तपासाला दिशा द्यायला कुत्रा जरूर वापरा, पण त्याच्या भरवशावर कुणाला दोषी ठरवू नका. श्वानपथक निकामी आहे, असा याचा अर्थ होत नाही. कुत्र्याने दाखवलेल्या कपाटात पिस्तूल सापडलं, तर पुरावा पिस्तूल असतं.

आता खाजगी कुत्र्यांकडे येतो. मॉल, हॉटेलं, आयटी पार्क हल्ली कंपन्यांकडून भाड्याने कुत्रे घेतात, आणि कधी आम्हाला सल्ल्यासाठी बोलावतात. उपनगरातल्या एका व्यापारी संकुलात गेलो होतो. नाव सांगत नाही. कुत्र्याची चाचणी दर महिन्याला व्हायची, वहीत नोंदी होत्या, सगळीकडे ‘उत्तीर्ण’. नमुना कोण लपवतं, असं विचारलं. म्हणाले, “साहेब, हँडलरच लपवतो.” आम्ही एवढंच केलं, की नमुना तिसऱ्याच माणसाकडून ठेवून घेतला आणि त्याला घरी पाठवून दिलं. कुठे ठेवलाय हे तिथे असलेल्या कुणालाच माहीत नव्हतं, आम्हालाही नाही. कुत्रा त्या गाडीवरून दोनदा पुढे गेला. तिसऱ्या फेरीला हस्तकाकडे बघून भलत्याच गाडीपाशी बसला. हस्तक तरुण पोरगा होता, चेहरा पडला बिचाऱ्याचा. त्याचा दोष फारसा नव्हता. त्याला तसंच शिकवलं होतं. कुत्रा मात्र रोज दारात उभा होता आणि लोक निर्धास्त आत जात होते.

म्हणून तुमच्या ऑफिसने किंवा सोसायटीने असा करार केला, तर जात कुठली, वंशावळ कुठली, हे विचारू नका. मागची चाचणी हस्तकाला ठाऊक नसलेल्या जागी झाली होती का, हे विचारा. काहीही लपवलेलं नाही अशी फेरी कधी घेतली होती का? कुत्रा सलग किती वेळ काम करतो? मे महिन्यात गच्च दमट हवेत कुत्रा जीभ काढून धापा टाकू लागला, की हुंगणं कमी होतं. धाप आणि हुंगणं दोन्ही एकदम नीट होत नाही. वीस-तीस मिनिटांनी सावली आणि पाणी हवंच. बारा तासांच्या पाळीत एकच कुत्रा ठेवणारी कंपनी तुम्हाला कुत्रा देत नाही, शोभेची वस्तू देते.

प्रश्नांमध्ये पुढच्या रांगेतली एक चिठ्ठी आली आहे. “स्टेशनवरच्या कुत्र्याला हात लावला तर चालतो का?” नाही रे बाळा. पट्टा बांधलेला असताना तो ड्युटीवर असतो, आणि तुझा हात म्हणजे त्याच्या लेखी फुकटचा बॉल. आज इथे त्याला का आणलं नाही, तेही यात आलं. एवढी माणसं बघून त्याने कामाचं काही केलं नसतं, आणि तुम्ही सगळ्यांनी त्याला बिस्किटं दिली असती.