दारूचं व्यसन: आजार की स्वतःची मर्जी?

‘मनात आणलं तर आज सोडेल, पण मनातच आणत नाही.’ ज्या घरात कुणी दारूच्या आहारी गेलेलं आहे, तिथे हे वाक्य कधी ना कधी बोललं जातंच. त्याच माणसाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं तर ते केसपेपरवर निदान लिहितात, गोळ्या देतात, प्रसंगी दाखल करून घेतात. घराच्या लेखी ती मर्जी, दवाखान्याच्या लेखी आजार.

कागदोपत्रीही तोच घोळ आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात दारू आणि अमली पदार्थांच्या अतिवापराशी निगडित मानसिक अवस्था येतात. पण आरोग्यविम्याची पॉलिसी काढून शेवटची पानं वाचा. कशाचे पैसे मिळणार नाहीत, त्या यादीत दारूच्या व्यसनावरचे उपचार आणि त्या व्यसनाचे परिणाम बहुतेक वेळा सापडतात.

दोन्ही बाजूंकडे पुरावा आहे. तो शेजारी शेजारी ठेवला की लक्षात येतं, की ‘आजार की मर्जी’ या प्रश्नापेक्षा ‘मर्जी कधी चालते आणि कधी चालत नाही’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

दोनशे वर्षांचा वाद

दारुड्याला पापी किंवा नालायक ठरवणं फार जुनं आहे. त्याच्याकडे रोगी म्हणून बघायला अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरुवात झाली. अमेरिकी डॉक्टर बेंजामिन रश यांनी १७८४ मध्ये दारूच्या दुष्परिणामांवर पुस्तिका लिहिली. १८०४ मध्ये ब्रिटिश आरमारातले डॉक्टर थॉमस ट्रॉटर यांनी दारूच्या सवयीला मनाचा आजार म्हटलं. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात शेअरबाजारात काम केलेले बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ भेटले. दोघेही दारूने पुरते खंगलेले. त्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे ‘एए’ उभी राहिली. १९५६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने दारूच्या व्यसनाला आजार मानलं, आणि १९६० मध्ये ई. एम. जेलिनेक यांच्या पुस्तकाने ही कल्पना पक्की केली. गंमत म्हणजे जेलिनेक यांनी पिणाऱ्यांचे पाच प्रकार पाडले होते आणि त्या सगळ्यांनाच आजारी म्हटलं नव्हतं. ती बारीक नोंद पुढे विसरली गेली.

मराठी प्रेक्षकासमोर हा प्रश्न राम गणेश गडकऱ्यांनी ठेवला. ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. सुधाकर हा बुद्धिमान वकील अपमानाच्या भरात तळीरामाच्या नादाने पहिला प्याला घेतो. मध्येच शुद्धीवर येतो, सोडायची धडपड करतो आणि पुन्हा बुडतो. पहिला प्याला त्याने मर्जीने उचलला, यात वाद नाही. पुढचे सगळे प्यालेही मर्जीचेच होते का, इथे खरा पेच आहे.

डॉक्टर कशावरून ठरवतात

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये निदानाची जी नियमावली काढली, तिच्यात अकरा लक्षणं दिली आहेत. ठरवलं त्यापेक्षा जास्त किंवा जास्त वेळ पिणं, कमी करायचे प्रयत्न फसणं, तलफ येणं, कामाकडे आणि घराकडे दुर्लक्ष होणं, घरात भांडणं होत असूनही पीत राहणं, पूर्वीइतकी दारू न पुरणं, न प्यायल्यास हात थरथरणं, ही त्यांतली काही. गेल्या वर्षभरात दोन-तीन लक्षणं दिसली तर व्यसन सौम्य, चार-पाच असतील तर मध्यम, सहा किंवा अधिक असतील तर तीव्र.

दोन गोष्टी ध्यानात घ्यायच्या. या अकरांत किती पेग किंवा किती क्वार्टर, याचा हिशोब कुठेच नाही. त्यामुळे ‘मी रोज फक्त नाइन्टी घेतो’ हा बचाव टिकत नाही. दुसरं म्हणजे, व्यसन आहे किंवा नाही, अशी सरळ रेघ इथे मारलेली नाही. सौम्य टोकाला असलेल्या माणसाच्या हातात बरंच काही शिल्लक असतं, तीव्र टोकाला फार थोडं. दोघांनाही ‘बेवडा’ म्हणून एकाच पंगतीत बसवलं की चर्चा तिथेच भरकटते.

मेंदूत काय बदलतं

मेंदूत चेतापेशींना शांत करणारं एक रसायन आहे, गाबा. उत्तेजित करणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू पहिल्याचा जोर वाढवते आणि दुसऱ्याचा कमी करते, म्हणून पहिल्या पेगनंतर सैल वाटतं. रोज पिणं सुरू झालं की मेंदू तोल सांभाळायला उलट बाजूने जोर लावतो. शांत करणारी यंत्रणा मंदावते, उत्तेजित करणारी वाढते. आता तेवढ्याच दारूने काही होत नाही, म्हणून माप वाढतं.

अशा माणसाची दारू एकदम तुटली की दाबून धरलेली उत्तेजना उसळते. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलतात, ताप चढतो. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. म्हणून खूप दिवस रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून ‘बघू कसा सोडत नाही’ म्हणणं धोक्याचं आहे. आधी डॉक्टर, मग बंदी. दवाखान्यात ठरावीक औषधं उतरत्या मात्रेत देतात आणि बी-१ हे जीवनसत्त्व टोचतात, कारण त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आजाराच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम पुरावा. नुसती वाईट खोड सुटली म्हणून कुणाला फिट येत नाही.

घराण्याचा वाटा

जुळ्या भावंडांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून निघालेला अंदाज असा, की दारूच्या व्यसनाकडे असलेल्या कलात अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा असतो. उरलेला निम्मा परिस्थितीचा, सोबतीचा, वयाचा, ताणाचा. अनुवंश उलट बाजूनेही काम करतो. पूर्व आशियातल्या अनेक लोकांत दारू पचवणारं एक विकर जनुकीय बदलामुळे दुबळं असतं. दोन घोटांतच चेहरा लाल होतो, मळमळतं. अशा लोकांत व्यसनाचं प्रमाण कमी आढळतं.

म्हणजे चार मित्र एकाच टेबलावर, एकाच बाटलीतून, एकाच वर्षी प्यायला लागले, तरी चौघांची पैज सारखी नसते. तिघं जण लग्नकार्यापुरती घेणारे राहतात, चौथा बुडतो. तिघांची इच्छाशक्ती चौथ्यापेक्षा दांडगी होती, असा निष्कर्ष त्यावरून निघत नाही.

मर्जीच्या बाजूचा पुरावा

तोही हलका नाही. १९७३ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट आणि सहकाऱ्यांनी व्यसनी आणि बेताने पिणाऱ्या पुरुषांना चव चाखण्याच्या निमित्ताने पेयं दिली. काहींना व्होडका मिसळलेलं टॉनिक, काहींना नुसतं टॉनिक. पण ग्लासात काय आहे, हे अर्ध्यांना खोटं सांगितलं. ‘यात व्होडका आहे’ असं ज्यांना सांगितलं ते जास्त प्यायले, मग ग्लासात व्होडका असो वा नसो. आणि नकळत व्होडका प्यायलेल्या व्यसनी माणसांचा ताबा सुटला नाही. एक घोट पोटात गेला की शरीरच पुढची दारू ओढून घेतं, ही समजूत त्या प्रयोगाने डळमळीत झाली.

दुसरा पुरावा मोठ्या पाहणीतला. अमेरिकेत २००१-०२ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, पूर्वी कधीतरी दारूवर अवलंबून असलेल्या माणसांपैकी त्या वर्षी साधारण पाव हिस्साच अजून तशा अवस्थेत होता. बाकीचे कमीअधिक सावरले होते. काहींनी पूर्ण सोडली होती, काही बेताने पीत होते. आणि आयुष्यात कधीही उपचार घेतलेले जेमतेम पाव होते. लग्न, मूल, नोकरी जायची धमकी, डॉक्टरांनी दाखवलेला यकृताचा रिपोर्ट, अशा कारणांनीही माणसं सोडतात.

तत्त्वज्ञ हर्बर्ट फिंगरेट यांनी १९८८ मध्ये आणि मानसशास्त्रज्ञ जीन हेमन यांनी २००९ मध्ये याच धाग्यावर पुस्तकं लिहून आजाराच्या कल्पनेला आव्हान दिलं. कर्करोगाची गाठ बायकोच्या निर्वाणीच्या इशाऱ्याने विरघळत नाही, दारू मात्र कधीकधी सुटते, हा त्यांच्या बाजूचा रोकडा मुद्दा.

सकाळची शपथ, संध्याकाळची वाट

दोन्ही पुरावे खरे असतील तर मेळ कसा लावायचा? घड्याळाकडे बघून.

सकाळी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली ‘आजपासून बंद’ ही शपथ सहसा खोटी नसते. त्या वेळी डोकं ठणकत असतं, रात्रीची लाज ताजी असते आणि दुकान समोर नसतं. संध्याकाळी सातला परिस्थिती बदललेली असते. शेवटच्या घोटाला वीस तास होत आले, हात हलायला लागले. कामावरून घरी यायच्या वाटेवर देशीचं दुकान आहे, खिशात पगार आहे आणि ‘बसतोय रे, येतोस का’ असा फोन येतो. माणूस तोच, पण सकाळी फुकटात मिळणारा नकार संध्याकाळी फार महाग झालेला असतो. मर्जी संपलेली नसते. तिची किंमत तासागणिक वाढत जाते.

उपयोगी पडणारे उपचार नेमकं हेच ओळखतात. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये डायसल्फिराम या गोळीचा उपयोग सापडला. ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते. गोळीचा परिणाम काही दिवस टिकतो. म्हणजे सकाळी चहाबरोबर, कुणाच्या तरी देखत, एक निर्णय घ्यायचा. मग संध्याकाळी दहा वेळा लढाई लढावी लागत नाही. नाल्ट्रेक्सोन ही गोळी दारूतून मिळणारी मजा बोथट करते, अकॅम्प्रोसेट दारू सोडल्यानंतरची अस्वस्थता कमी करते. ‘एए’च्या सभांमध्ये ‘आयुष्यभर’ न म्हणता ‘फक्त आजचा दिवस’ म्हणतात आणि सगळा भर पहिल्या पेगवर देतात, तेही याच हिशोबाने. नकार स्वस्त असतो तिथेच तो द्यायला शिकवायचं. घरी यायची वाट बदलणं, पगार थेट घरच्यांच्या खात्यात वळवणं, हेही याच जातीचे उपाय.

इथे एक इशारा. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडपासून लोकलच्या डब्यापर्यंत चिकटवलेल्या असतात. त्यांना भुलून काही घरांत भाजीत, चहात गोळी मिसळतात. ती डायसल्फिराम असेल आणि गोळीची कल्पना नसलेला माणूस दारू प्यायला, तर रक्तदाब घसरून प्राणावर बेतू शकतं. शिवाय जिथे माणसाचा निर्णय हवा, तिथूनच तो काढून घेतला जातो.

आजार म्हटलं की जबाबदारी सुटते का

घरच्या बाईची भीती अगदी रास्त असते: ‘आजारी म्हटलं की आणखी मोकाट सुटेल.’ कायदा तसं होऊ देत नाही. भारतीय न्याय संहितेत, स्वतःहून नशा केलेल्या माणसाला ‘शुद्धीत नव्हतो’ ही सबब सहसा मिळत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यातही पिणाऱ्याला सूट नाही. व्यसन जडलं यात त्याचा दोष निम्माही नसेल, पण निदान झाल्यावर उपचार घ्यायचे की टाळायचे, हे त्याच्यावर येतं. मधुमेह झाला म्हणून कुणी शिव्या देत नाही, पण इन्सुलिन फेकून देऊन पेढे खाणाऱ्याची कानउघाडणी करतोच की.

पुन्हा पिणं सुरू झालं की ‘बघा, नाटकं होती’ म्हणतात. दमा आणि रक्तदाबाचे कितीतरी पेशंट औषधं सोडून पुन्हा दवाखान्यात येतात. २००० मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी या आजारांची तुलना केली, तेव्हा उलटण्याचं प्रमाण व्यसनातही साधारण तेवढंच निघालं. घसरण झाली तर उपचार बदलून बघायचे असतात. त्यावरून माणसाची लायकी ठरत नाही.

उपचार पोचतात कुणापर्यंत

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतले जवळपास २ कोटी ९० लाख तिच्यावर अवलंबून आहेत. अशा अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी कुठलेही उपचार मिळाले एकालाच. दाखल होऊन उपचार मिळालेला माणूस १८० मध्ये एक.

‘मर्जी’ या शब्दाची खरी किंमत इथे दिसते. मर्जीच असेल तर सरकारने खाटा कशाला वाढवायच्या, विमा कंपनीने पैसे कशाला द्यायचे आणि घरच्यांनी रजा काढून दवाखान्यात कशाला जायचं? पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा व्यसनी माणसाला प्रेमाने दाखल करून घेणं हीच नवलाई होती. तिथे पेशंटच्या बायकांचाही गट चालतो, कारण त्यांनी वर्षानुवर्षं ‘तूच नीट वागत नसशील’ हे ऐकलेलं असतं.

आपल्या घरात कुणी असेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६, हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. आणि बोलणं काढायचंच असेल तर रात्री तो झोकांड्या खात आल्यावर काढू नये. सकाळी, डोकं ठिकाणावर असताना बोलावं. तेव्हा त्याच्या होकाराला काही अर्थ असतो, आणि त्याच दिवशी दवाखान्याची वेळ घेता येते.