रूळ तेच, हुकूम वेगळा
खेळातल्या रेल्वेची जुनी रीत सोपी. रुळांत ० ते १२ व्होल्ट डीसी. बटण फिरवलं की वेग वाढतो, वीज उलटी दिली की गाडी मागे. पण एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवली की दोन्ही एकदमच पळतात! एकाला थांबवायचं तर रुळाचे वेगळे भाग पाडा, स्विच लावा, तारांचं जंजाळ सांभाळा.

डीसीसी या डिजिटल पद्धतीत रुळांत वीज कायम पूर्ण असते आणि संदेशही तिच्यातूनच जातो: ५८ मायक्रोसेकंदांचे दोन ठोके म्हणजे १, जरा लांबलेले म्हणजे ०. इंजिनातला नखाएवढा डीकोडर स्वतःचा क्रमांक आला तरच हुकूम पाळतो.

एकच गाडी गोल फिरवायची असेल, तर डीसीसीवर पैसे घालू नका. दुसऱ्या इंजिनाचा मोह होतोय? डीकोडर बसतो का, ते दुकानातच विचारा.