वसंतात रस्ता नरम पडतो

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मार्चच्या सुमारास खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर जड ट्रकना आवर घातला जातो. गावाकडच्या अनेक रस्त्यांवर एका ॲक्सलमागे 10,000 पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण साडेचार टनांपेक्षा, जास्त भार चालत नाही. आणि गंमत अशी, की ऐन हिवाळ्यात हेच राज्य नेहमीच्या मर्यादेपेक्षा 10 टक्के जादा भार न्यायची मुभा देतं! रस्ता तोच, डांबर तेच, ट्रकही तोच. बदलतं ते खालचं पाणी.

कडाक्याच्या थंडीत मातीतलं पाणी गोठतं आणि जमीन दगडासारखी टणक होते. ऊन वाढलं की बर्फ वरून वितळायला लागतो, खालचा थर मात्र गोठलेलाच राहतो. पाण्याला मुरायला वाट नसते. ते खडीच्या थरात अडकून बसतं, भरावाची माती लिबलिबीत होते, आणि वरचं डांबर जणू आधाराविना तरंगू लागतं.

जड चाक रस्त्याला किती छळतं, हे 1958 ते 1960 या काळात इलिनॉयमधल्या ऑटावा गावाजवळ मोजलं गेलं. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांच्या वळशांवर लष्कराचे जवान रात्रंदिवस ट्रक फिरवत होते. प्रत्येक लेनला भार ठरवून दिलेला. एका वळशावर तर एकही ट्रक सोडला नाही, नुसत्या हवामानानं काय होतं ते पाहायला. डांबरी तुकडे सर्वाधिक फुटले ते वसंतातच. त्या मोजमापांतून निघालेला ढोबळ नियम आजही थक्क करतो: ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला, तर झीज सुमारे सोळा पट. एक टनाच्या मोटारीच्या ॲक्सलवर अर्धा टन येतो, भरल्या ट्रकच्या ॲक्सलवर दहा टन. भार वीसपट, झीज 1 लाख 60 हजार पट!

आपल्याकडे रस्तेबांधणीचे निकष ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्थाही रस्त्याचं आयुष्य 80 किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण 8.2 टनांच्या, प्रमाण ॲक्सलमध्ये मोजते. 2018 साली केंद्रानं चार टायरांच्या एकेरी ॲक्सलची मर्यादा 10.2 वरून 11.5 टनांवर नेली. वाढ जेमतेम आठव्या हिश्शाची. पण अशा ॲक्सलची एक फेरी पूर्वी अडीच प्रमाण फेऱ्यांच्या आत होती, ती आता जवळजवळ चारांइतकी ठरते. आपल्याकडे बर्फ नाही, पण पावसाळ्यात फुगून मऊ होणारी काळी माती आहे. अशा मातीवरच्या गावरस्त्यांच्या फलकावर ऋतूही लिहिला जावा, असं मला मनापासून वाटतं.

वीस टन वजन दोनऐवजी चार ॲक्सलांवर समान वाटलं, तर रस्त्याची झीज आठव्या हिश्शावर येते. पुलाचा हिशेब मात्र निराळा. त्याच्या गाळ्यावर अख्खा ट्रक एकाच वेळी उभा असतो, म्हणून तिथल्या फलकावर बहुतेकदा गाडीचं एकूण वजन लिहिलेलं असतं.