ओहोटीच्या वेळेचे रविवार

टेंभी नाक्यावर राहणाऱ्याला खाडी दिसत नाही. जांभळी नाका आणि स्टेशन मागे टाकून चेंदणी कोळीवाड्याच्या पुढे गेलं की आधी तिचा वास येतो आणि मग तिवरांची रांग दिसते. तलावांचं शहर म्हणून ठाण्याचं कौतुक सगळे करतात. मासुंदा, कचराळी, उपवन ही नावं पोरासोरांनाही पाठ असतात. पण ठाणे मुळात खाडीवरचं बंदर, ही गोष्ट दोन पिढ्यांच्या बोलण्यातून निघूनच गेली होती. गेल्या वीसेक वर्षांत ती परत आली. सुटीच्या दिवशी गमबूट घालून चिखलात उतरलेल्या साध्या ठाणेकरांचा यात मोठा वाटा आहे, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात मी २६ जुलै २००५ पासून धरते. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाण्याला जायला जागा ठेवली नाही की काय होतं, ते साऱ्या मुंबई-ठाण्याने पाहिलं. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला, बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने राज्यभरातली कांदळवनतोड आणि त्यातला भराव थांबवला. पुढचा प्रवास भराभर झाला. २०१२ मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आला, २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०१८ मध्ये न्यायालयाचा अंतिम निकाल लागला. आणि २०२२ मध्ये खाडीच्या साडेसहा हजार हेक्टरांना रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं हे तिसरं.

कायद्याने झाड तुटायचं थांबतं, पण त्याच्या मुळांवर साचलेली पिशवी निघत नाही. ती काढायला माणूसच लागतो.

तिवराचं झाड चिखलात उभं असतं आणि त्या चिखलात हवा नसते. म्हणून त्याची मुळं जमिनीतून वर येतात, बोटभर जाडीची, शेकड्यांनी, आणि ओहोटी लागली की झाड त्यांच्यावाटे श्वास घेतं. या मुळांवर प्लास्टिकचा थर बसला की झाड गुदमरतं. खाडी साधारण २६ किलोमीटर लांब, पण ठाण्याकडचं तिचं टोक अरुंद. समुद्राच्या भरतीचा जोर इथवर येईपर्यंत मंदावतो, त्यामुळे इथे आलेला कचरा बाहेर वाहून जात नाही, तिवरांतच अडकून बसतो. खाडीकाठच्या बांदोडकर महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने खाडीच्या तब्येतीचा अभ्यास वर्षानुवर्षं केला. पर्यावरण दक्षता मंडळासारख्या संस्थांनी तो विषय शाळकरी मुलांपर्यंत नेला. खारकर आळी, कोपरी, टेंभी नाका इथले आम्ही लोक कामाला लागलो, तोवर निदान कशाशी गाठ आहे हे कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

काम कसं चालतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. वेळ घड्याळावर ठरत नाही, ओहोटीवर ठरते. भरतीचं कोष्टक बघूनच निरोप जातो. कांदळवन हे अधिसूचित वन, म्हणून वन विभागाला आधी कळवावं लागतं. सुटी पिशवी हाताने निघते, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे वेचून घ्यावे लागतात, थर्माकोलचे मणी मात्र हाती लागता लागत नाहीत. सगळ्यात चिवट असतं ते कापड. जुनी साडी, चुनरी, चादर मुळांभोवती गुंडाळली जाते, तिच्यात गाळ भरतो आणि ती धोंड्यासारखी जड होते. नवा माणूस ती हिसका देऊन ओढायला जातो; तसं केलं तर मुळं मोडतात. कात्रीने किंवा विळ्याने एकेक पट्टी कापून सोडवायची, असं शिकवावं लागतं. एका झाडाखालची दोन हात जागा मोकळी करायला दोन माणसांची अख्खी सकाळ जाते. आणि पुढच्या खेपेला तिथे निवट्या उड्या मारताना दिसतात, तेव्हा त्या सकाळीचं चीज होतं.

या वर्षांत आमची समज सर्वांत जास्त बदलली ती कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांमुळे. कांदळवन म्हटलं की रोपं लावायची, असा सगळीकडेच समज. मंत्र्यांपासून शाळांपर्यंत सगळ्यांना रोप हातात घेतलेला फोटो हवा असतो. पगोळी टाकत आयुष्य गेलेल्या या लोकांचं म्हणणं वेगळं होतं: पाण्याची वाट मोकळी ठेवा, झाडं खाडीच आणून देईल. शास्त्रही तेच सांगतं. तिवराचं बी झाडावर असतानाच कोंब धरतं, पावसाळ्यात गळतं, भरतीबरोबर तरंगत जातं आणि जागा मोकळी मिळाली की काही दिवसांत रुजतं. रोप चुकीच्या पातळीवर, सतत पाण्याखाली राहणाऱ्या चिखलात लावलं तर मरतं. जगभर अशा लागवडी वाया गेल्या आहेत. म्हणून आता कामाचं वर्षच बदललं आहे. मे महिन्यात, बी गळायच्या आधी, सगळा जोर सफाईवर. कुठे राडारोड्याने चिंचोळी नाळ बुजली असेल तर परवानगी काढून ती फावड्या-घमेल्यांनी उघडायची. नाळ उघडली की भरतीचं पाणी आत शिरतं आणि पावसाळा सरता सरता दोन पानांची रोपटी दाटीने उभी राहतात. ती कुणी लावलेली नसतात.

तरीही या रविवारांची मर्यादा स्पष्ट बोलायला हवी. पोती भरून कचरा काढायचा आणि पुढच्या उधाणाला तो पुन्हा बघायचा, याने चांगले चांगले स्वयंसेवक खचतात. येऊरच्या डोंगरातून निघणारे ओहोळ वर स्वच्छ असतात. शहरात शिरले की त्यांचे नाले होतात आणि प्रत्येक नाला शेवटी खाडीला मिळतो. तिकडे कल्याणला वालधुनी उल्हास नदीला मिळते, तिची कथा याहून जड आहे. त्या दोन नद्यांच्या प्रदूषणापायी राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये नगरपालिका आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना ९५ कोटींचा दंड सुनावला होता. २३ जून २०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली, तेव्हा पातळ पिशव्या काही काळ कमी दिसल्या. नंतर त्या परत आल्या. खाडीकाठ काठावर वाचणार नाही. नाल्याच्या तोंडाशी जाळी, घराघरात वेगळा केलेला कचरा आणि वर येऊरपर्यंत ओहोळांच्या काठाची राखण, हे झालं तरच वाचेल. हे काम महापालिकेचं आहे आणि ते तिच्याकडे मागत राहणं आपलं आहे.

आपल्या हातातलंही काही आहे. टेंभी नाक्यावर १९७८ पासून नवरात्रोत्सव होतो, लाखोंची गर्दी लोटते. देवीला वाहिलेली फुलं, ओटीची चुनरी, प्रसादाची पिशवी यांतलं काय कुठे जातं, एवढं यंदा प्रत्येकाने बघावं. निर्माल्य पिशवीतून काढून कलशात टाकावं, कापड नाल्यात किंवा पाण्यात सोडू नये. आणि रविवारी सकाळी दोन-तीन तास मोकळे असतील तर जुने बूट, जाड हातमोजे, पाण्याची बाटली आणि कात्री घेऊन खाडीवर या. कात्री नेहमी कमी पडते.