किल्लीतला ‘संपलेला’ सेल खरोखर संपलेला असतो का?

मोटारीची किल्ली आता नुसता धातूचा तुकडा राहिलेली नाही. तिच्यावरचे बटण दाबले की दहा-पंधरा पावलांवरून गाडीचे दार उघडते. मात्र एके दिवशी ते दुरून उघडेनासे होते. अगदी जवळ जाऊन, बटण दोन-तीनदा दाबावे तेव्हा कुठे कुलूप उघडते. “सेल संपला,” असे घरातले मोठे माणूस म्हणते. नवा सेल घरच्या घरी बसवता येतो आणि त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. पण तो बसवताना आपण एक प्रश्न मनात ठेवू या. बाहेर काढलेला जुना सेल खरोखर संपलेला असतो का?

प्रथम या सेलची ओळख करून घेऊ. पुष्कळ किल्ल्यांत ‘सीआर २०३२’ असे नाव कोरलेला चपटा, गोल सेल असतो. हे नाव म्हणजे त्याची जन्मपत्रिकाच आहे! ‘सी’ हे अक्षर आतली रसायने सांगते. ऋण बाजूला लिथियम धातू आणि धन बाजूला मँगॅनीज डायऑक्साइड. ‘आर’ म्हणजे आकार गोल. पुढचे २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. आता ‘सीआर २०२५’ची जाडी किती, हे तुम्हीच सांगा. बरोबर, २.५ मिलिमीटर. त्याचे विभवांतरही ३ व्होल्टच असते, पण २०३२च्या जागी तो बसवला तर ढिला राहतो आणि पट्ट्यांना नीट टेकत नाही. म्हणून जुन्या सेलवरचा आकडा पाहूनच नवा आणावा.

बॅटरीत घालायचा साधा सेल १.५ व्होल्टचा, मग हा एवढासा सेल ३ व्होल्टचा कसा? ही करामत लिथियमची. हा धातू आपला इलेक्ट्रॉन फार सहज सोडतो. पाण्याशी तर त्याची लगेच अभिक्रिया होते, म्हणून या सेलमध्ये पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावक वापरतात.

आता प्रत्यक्ष काम. बहुतेक किल्ल्यांत धातूची छोटी किल्ली लपवलेली असते. खटका सरकवून ती बाहेर काढा. तिच्या जागी किंवा कडेला एक खाच दिसेल. चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळून ते खाचेत घाला आणि हलकेच पिळा. टोपण दोन भागांत उघडेल. घाई करू नका. सेलची कोणती बाजू वर आहे, हे आधी पाहून ठेवा. अक्षरे कोरलेली, ‘+’ खूण असलेली बाजू धन. सेल काढताना धातूचे हत्यार त्याच्या दोन्ही बाजूंना एकदम टेकवू नका, नाहीतर तो ‘शॉर्ट’ होईल. प्लॅस्टिकची किंवा लाकडी काडी उत्तम. नवा सेल कडांना धरून बसवा. बोटांचा तेलकटपणा पृष्ठभागावर राहिला तर संपर्क बिघडू शकतो. रबराची कडी असेल तर ती जागेवर आहे ना ते पाहा, टोपण दाबून बंद करा आणि बटण दाबून बघा. दार उघडले नाही तर सेल उलटा तर बसला नाही ना, हे आधी तपासा. एवढे करूनही किल्ली चालली नाही, तर गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहा. काही गाड्यांना किल्लीची पुन्हा ओळख करून द्यावी लागते.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. काढलेला जुना सेल व्होल्टमीटरला जोडा. काटा शून्यावर असेल अशी तुमची अपेक्षा असेल. पण पुष्कळदा तो २.८ किंवा २.९ व्होल्ट दाखवतो! मग किल्ली का चालत नव्हती?

याचे उत्तर आहे सेलचा अंतर्गत रोध. सेल जुना होत जातो तसा हा रोध वाढत जातो. व्होल्टमीटर जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह घेत नाही, म्हणून त्याला सेल ठणठणीत वाटतो. किल्लीचे तसे नाही. बटण दाबताच ती रेडिओलहरी पाठवते आणि क्षणभर बराच प्रवाह मागते. समजा हा प्रवाह १० मिलिअँपिअर म्हणजे ०.०१ अँपिअर आहे आणि जुन्या सेलचा अंतर्गत रोध १०० ओहम झाला आहे. ओहमचा नियम लावा. ०.०१ × १०० = १ व्होल्ट. म्हणजे २.९ पैकी १ व्होल्ट सेलच्या आतच खर्ची पडला आणि किल्लीच्या वाट्याला १.९ व्होल्टच आले. तिला किमान २ व्होल्ट लागत असतील तर ती गप्प बसणारच. थंडीत हा रोध आणखी वाढतो. म्हणून निफाडच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे रुसलेली किल्ली दुपारच्या उन्हात पुन्हा चालू लागली, तर नवल वाटायला नको.

थोडक्यात, सेल किल्लीपुरता संपलेला असतो. त्याची सगळी शक्ती काही गेलेली नसते. ही गोष्ट नुसती परीक्षेपुरती लक्षात ठेवण्याची नाही. घरात लहान भावंड असेल तर तिच्यावर त्याचा जीव अवलंबून असू शकतो. कसे, ते एका प्रयोगाने पाहू. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा.

टीपकागदाचा तुकडा हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. मग तो मिठाच्या पाण्याने ओला करून बशीत ठेवा. त्यावर जुना सेल ऋण बाजू खाली करून ठेवा आणि कागदाच्या कडा वर दुमडून सेलच्या कडेला टेकवा. दहा मिनिटांनी सेल उचला. पिवळ्या कागदावर लालसर तपकिरी डाग उमटलेला दिसेल. हळदीला चुना लावला की ती लाल होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अल्कलीच्या स्पर्शाने तिचा रंग बदलतो. पण इथे तर आपण चुना घातला नव्हता. मग अल्कली आली कोठून?

ती पाण्यातूनच तयार झाली. पाण्याचे विद्युत अपघटन व्हायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात, आणि आपल्या ‘संपलेल्या’ सेलजवळ त्याच्या दुपटीहून अधिक शिल्लक आहेत. ऋण बाजूला हायड्रोजन वायू सुटतो आणि हायड्रॉक्साइड आयन मागे राहतात. कॉस्टिक सोडा दाहक असतो, तो याच आयनांमुळे.

आता टीपकागदाच्या जागी लहान मुलाची अन्ननलिका आहे, अशी कल्पना करा. २० मिलिमीटरचा सेल तिथे अडकू शकतो. मिठाच्या पाण्याचे काम लाळ करते. सेल फुटावा किंवा गळावा लागत नाही. लाळेतूनच अल्कली तयार होते आणि दोन तासांच्या आत अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. सेल नाकात किंवा कानात घातला तरी हेच घडते. मूल बोलू शकत नसेल तर सुरुवातीला नुसती लाळ गळते, खोकला येतो, ते खायला नको म्हणते. घरच्यांना वाटते, सर्दी झाली असेल.

म्हणून मूल सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबू नये. उलटी करवू नये. क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात त्याला तत्काळ न्यावे आणि “बटण सेल गिळला असावा” असे स्पष्ट सांगावे. क्ष-किरण चित्रात सेल नाण्यासारखाच गोल दिसतो, पण त्याच्या कडेला दुहेरी वर्तुळ असते. अनुभवी डॉक्टर त्यावरून फरक ओळखतात. हा धोका ध्यानात घेऊन अमेरिकेत २०२२ साली कायदा झाला. असे सेल वापरणाऱ्या वस्तूंचे कप्पे मुलांना सहज उघडता येऊ नयेत, असे बंधन त्याने घातले.

आपल्या घरापुरता नियम तर तुम्ही आजच करू शकता. नवा सेल बसवला की जुना टेबलावर ठेवू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, म्हणजे दुसऱ्या सेलला किंवा धातूला लागून तो ‘शॉर्ट’ होणार नाही. मग तो लहानांच्या हाताला लागणार नाही अशा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. हा सेल पुन्हा भारित करण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नका. तो त्यासाठी बनवलेलाच नसतो.

आज घरी गेलात की एक काम करा. असे चपटे सेल कोणकोणत्या वस्तूंत आहेत, त्यांची यादी करा. किल्ली, वजनकाटा, थर्मामीटर, छोटा रिमोट, दिवे लागणारे खेळणे. यांपैकी कोणत्या वस्तूचे झाकण स्क्रूशिवाय, नुसत्या नखाने उघडते? त्या वस्तूवर आधी लक्ष ठेवा.