भातखाऊंच्या देशातला पाव

तुम्हाला एक कोडे घालतो. आशियात असा एक देश आहे, की जिथे गहू जवळजवळ पिकतच नाही. तिथल्या लोकांचे मुख्य अन्न भात. तांदळाच्या शेवया, तांदळाचे कागदासारखे पातळ पापड, तांदळाच्या वड्या, सगळे तांदळाचेच. तांदूळ इतका पिकतो, की जगाला तांदूळ विकणाऱ्या पहिल्या काही देशांत त्याची गणना होते. आणि तरीही या देशातल्या कोणत्याही शहरात सकाळी बाहेर पडलात, तर नाक्यानाक्यावर काचेची पेटी लावलेली हातगाडी दिसते. तिच्याभोवती शाळेला आणि कामाला निघालेल्या माणसांचा घोळका असतो. त्या गाडीवर काय मिळते? चक्क गव्हाचा पाव!

हा देश म्हणजे व्हिएतनाम आणि या पावाचे नाव ‘बान्ह मी’. ‘बान्ह’ म्हणजे पिठाचा पदार्थ, मग तो उकडलेला असो की भाजलेला. ‘मी’ म्हणजे गहू. वीतभर लांबीचा, दोन्ही टोकांना निमुळता, वरून कुरकुरीत आणि आतून कापसासारखा हलका असा हा पाव. तो उभा चिरून त्यात मांसाचे काप, भाज्या, लोणचे आणि मिरची भरतात. हा पाव तिथे आला कसा, तो इतका हलका का असतो, आणि गाव बदलले की त्याचे रूप का बदलते, ते आता पाहू.

पाव आला बोटीतून

१८५९ साली फ्रेंच सैन्याने सायगॉन शहर जिंकून घेतले. पुढच्या पंचवीस वर्षांत सारा व्हिएतनाम फ्रेंचांच्या अंमलाखाली गेला. फ्रेंच माणसाला जेवताना पाव हवाच. पण गहू तिथे पिकेना. त्यामुळे मैदा बोटीतून आणावा लागे आणि पाव महाग पडे. स्थानिक लोक त्याला ‘बान्ह ताय’, म्हणजे पश्चिमेकडचा बान्ह, म्हणत. आपल्याकडेही असेच घडले आहे. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा पावही आला. आपला ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतूनच आलेला आहे.

फ्रेंच लोक पाव, लोणी आणि मांसाचे काप ताटलीत वेगवेगळे घेऊन निवांत खात. ते सर्व पावाच्या पोटात भरून हातात देण्याची कल्पना मात्र व्हिएतनामी माणसांची. १९५४ साली फ्रेंचांचा पराभव झाला आणि जिनिव्हाच्या करारानुसार सतराव्या अक्षांशावर देशाचे दोन भाग पडले. आठ ते दहा लाख माणसे घरदार सोडून उत्तरेतून दक्षिणेत आली. त्यांनी आपले पदार्थ आणि धंदेही बरोबर आणले. अशाच एका कुटुंबाने १९५८ साली सायगॉनमध्ये ‘होआ मा’ नावाचे दुकान काढले. भरलेला पाव हातात देणाऱ्या पहिल्या दुकानांत त्याचे नाव घेतले जाते. कामावर जाणाऱ्याला बसून खायला वेळ नसतो. एका हातात मावणारा आणि चालता चालता खाता येणारा पाव त्याला सोयीचा वाटला.

१९७५ साली युद्ध संपले, तेव्हा लाखो माणसांनी देश सोडला. ती अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, फ्रान्समध्ये स्थायिक झाली आणि पावही त्यांच्याबरोबर तिकडे गेला. २०११ साली ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात ‘बान्ह मी’ हा शब्द दाखल झाला. फ्रेंचांनी आणलेला पाव व्हिएतनामी नाव घेऊन जगात पोचला!

हलकेपणाचे रहस्य

पुष्कळ ठिकाणी असे लिहिलेले आढळते, की या पावात तांदळाचे पीठ मिसळतात, म्हणून तो हलका होतो. प्रत्यक्षात व्हिएतनाममधले बहुतेक बेकरीवाले नुसता गव्हाचा मैदाच वापरतात. आणि विज्ञानाच्या दृष्टीनेही पाहा.

गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन अशी दोन प्रथिने असतात. पीठ पाणी घालून मळले, की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे चिवट, लवचीक जाळे तयार होते. यीस्ट ही सूक्ष्म बुरशी पिठातली साखर खाते आणि कार्बन डायॉक्साइड वायू सोडते. हा वायू जाळ्यात अडकतो आणि रबरी फुग्यांसारखी असंख्य छिद्रे फुगतात. तांदळात ग्लुटेन नाही. म्हणून तर आपल्या घरी तांदळाच्या भाकरीचे पीठ उकड काढून मळावे लागते आणि भाकरी पोळीसारखी लाटणे अवघड जाते. तेव्हा तांदळाचे पीठ वाढवले, तर पाव फुगण्याऐवजी बसण्याचीच भीती अधिक.

मग खरे कारण कोणते? एक म्हणजे कणीक भरपूर मळून जाळे बळकट करतात. अनेक बेकऱ्यांत अॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आवळ्यात असते तेच क जीवनसत्त्व, अगदी थोडे घालतात. त्यानेही जाळे मजबूत होते. दुसरे म्हणजे यीस्ट सढळ हाताने घालून कणीक चांगली दुप्पट-तिप्पट फुगू देतात. उष्ण, दमट हवेत यीस्टही जोमाने काम करते. तिसरे कारण भट्टीतली वाफ. पाव आत सरकवताना भट्टीत वाफ सोडतात. वाफेमुळे पावाची कातडी काही मिनिटे ओलसर आणि लवचीक राहते आणि आतला वायू तिला सहज ताणतो. पृष्ठभागावरचे स्टार्च शिजून त्याची चकचकीत खळ बनते. मग वाफ संपते, खळ सुकते आणि पातळ कुरकुरीत पापुद्रा तयार होतो.

पावाच्या आत पाणी असते, म्हणून आतले तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर जात नाही. वरचा पापुद्रा मात्र कोरडा पडून त्याहून पुष्कळ तापतो. साधारण १४० अंशांच्या पुढे तिथे प्रथिने आणि साखर यांची झपाट्याने क्रिया होते, आणि तांबूस रंग व खमंग वास येतो. लुई कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. म्हणून तिला मेयार क्रिया म्हणतात.

पण हा कुरकुरीतपणा फार काळ टिकत नाही. पावाच्या ओलसर गाभ्यातले पाणी हळूहळू कोरड्या पापुद्र्यात झिरपते. हवाही दमट असते. काही तासांत पापुद्रा वातड होतो. म्हणून पाव ताजाच विकतात, आणि अनेक गाडीवाले देण्यापूर्वी तो निखाऱ्यांवर पुन्हा शेकून घेतात.

उत्तरेकडून दक्षिणेकडे

व्हिएतनाम हा लांबट, चिंचोळा देश आहे. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत अंतर सुमारे १,६५० किलोमीटर. एवढ्या अंतरात हवा, पिके, मासे सगळेच बदलते. मग पाव कसा बदलणार नाही?

उत्तरेत राजधानी हनोई. तिथला पाव साधा असतो. त्यात लोणी, यकृताचा मऊ लेप, मांसाचे थोडे काप, काकडी आणि कोथिंबीर एवढेच असते. हिवाळ्यात तिथे चांगलीच थंडी पडते. मग गोमांसाच्या दाट गरम रश्श्यात बुडवून पाव खातात. जवळच्या हायफाँग बंदरात पाव दोन बोटांएवढाच बारीक असतो. आत यकृताचा लेप आणि झणझणीत मिरचीचा सॉस. तिथे त्याचे नावच ‘तिखट पाव’!

मध्य भागात ह्युए शहरी साबुकंदाच्या पिठाच्या उकडलेल्या पारदर्शक करंज्या पावात भरतात. होई आन या जुन्या बंदरातला पाव टोकांना विशेष निमुळता असतो आणि त्यात अनेक प्रकारचे रस्से व चटण्या घालतात. न्या ट्रांग हे समुद्रकाठचे गाव, म्हणून तिथे माशाच्या तळलेल्या वड्यांचा पाव. दालत हे सुमारे १,५०० मीटर उंचीवरचे थंड हवेचे ठिकाण. तिथे मांसाच्या गोळ्यांचे ऊन ऊन सूप वाटीत देतात आणि पाव त्यात बुडवून खातात.

दक्षिणेतल्या सायगॉनचे (आजचे हो चि मिन्ह शहर) पाव मात्र भरगच्च. तीन-चार प्रकारचे मांस, अंड्याचा लेप, गाजर-मुळ्याचे आंबटगोड लोणचे, काकडी, कोथिंबीर, मिरची, सारे एकत्र. शाकाहारी पावही मिळतो. पुष्कळ बौद्ध लोक अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मांस वर्ज्य करतात, तेव्हा टोफू आणि अळंबी भरलेल्या पावाला मागणी असते.

पाव बदलत राहतो, याचे एक ताजे उदाहरण पाहा. २०२० च्या फेब्रुवारीत करोनाच्या साथीमुळे चीनला जाणारी ड्रॅगन फळे अडकून पडली. शेतकरी हवालदिल झाले. तेव्हा सायगॉनच्या एका बेकरीने फळाचा गर मैद्यात मिसळून गुलाबी पाव काढला, आणि तो घेण्यासाठी रांगा लागल्या!

एक धोक्याची सूचना

या पावाची एक दुसरी बाजूही तुम्हाला माहीत असली पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये होई आनमधल्या एका दुकानाचे पाव खाऊन तीनशेहून अधिक माणसे आजारी पडली. तपासात साल्मोनेला हे जिवाणू सापडले. मे २०२४ मध्ये दक्षिणेतल्या लाँग खान गावी असेच पाव खाऊन पाचशेहून अधिक लोकांना बाधा झाली. त्यांत लहान मुलेही होती.

असे का होते? पाव स्वतः भट्टीतून आलेला, कोरडा. त्यात जिवाणूंची वाढ सहजी होत नाही. लोणच्यात व्हिनेगर असते आणि आम्लात बहुतेक जिवाणूंची वाढ खुंटते. पण कच्च्या अंड्याचा लेप, यकृत आणि शिजवलेले मांस यांत पाणी आणि प्रथिने भरपूर असतात. हे पदार्थ उन्हाळ्यात तासन् तास उघड्यावर राहिले, तर जिवाणूंची चंगळ होते. आता हिशेब करा. जिवाणू दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले, तर पाच तासांत दहा वेळा दुप्पट होतील, म्हणजे १,०२४ पट. सकाळी १०० असलेले जिवाणू दुपारपर्यंत एक लाखाच्या वर जातील! आणि गंमत अशी, की पदार्थाला वास येईलच असे नाही. तो दिसायला चांगलाच असतो. म्हणून असे पदार्थ एक तर थंड, पाच अंशांच्या खाली ठेवावेत, नाही तर गरम, साठ अंशांच्या वर. मधल्या तापमानात फार वेळ ठेवू नयेत. हा नियम आपल्या डब्यालाही लागू आहे.

हे करून पाहा

१. गव्हाच्या पिठाचा एक आणि तांदळाच्या पिठाचा एक असे लिंबाएवढे दोन गोळे मळा. अर्धा तास झाकून ठेवा. मग प्रत्येक गोळा वाटीभर पाण्यात हळूहळू चुरत धुवा. पाणी पांढरे झाले, की बदला. गव्हाच्या गोळ्यातले स्टार्च निघून गेल्यावर हातात चिवट रबरी गोळा उरेल. तेच ग्लुटेन. तांदळाच्या गोळ्याचे काय होते?

२. ताजे दोन पाव दोन सारख्या पिशव्यांत घट्ट बांधा. एक बाहेर ठेवा, एक फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी दोन्ही दाबून पाहा. फ्रिजमधला अधिक कडक झालेला आढळेल. पिशवीतून पाणी तर उडालेले नाही, मग तो कडक का झाला? शिजलेल्या स्टार्चचे रेणू थंड झाल्यावर पुन्हा रांगेत बसू लागतात आणि फ्रिजच्या तापमानात हे अधिक वेगाने होते. आता तोच पाव तव्यावर झाकण ठेवून गरम करा. तो पुन्हा मऊ होतो. निखाऱ्यांवर पाव शेकणाऱ्या गाडीवाल्याने हे पुस्तकात वाचलेले नसते. रोजच्या कामातून त्याला ते समजलेले असते. तुमची निरीक्षणे वहीत नोंदवून ठेवा आणि आपल्या शिक्षकांना दाखवा.