आधी शब्द, मागाहून चाबूक

बागदोरीवर कावा घेणारे, म्हणजे लांब दोरीच्या टोकाशी गोल फिरणारे, शिंगरू चाबूकस्वाराच्या नुसत्या ‘चल’, ‘दुडकी’, ‘हो-ओ’ या हाकांसरशी चाल बदलते, तेव्हा त्याला ते शब्द खरोखर कळतात काय, अशी पृच्छा एका वाचकांनी केली आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवरील आपल्या ग्रंथात या प्रश्नाला मोठ्या मार्मिकपणे हात घातला होता. ओठांनी चुचकारून घोड्याला शांत करावे आणि जिभेने टक्‌टक्‌ करून चेतवावे, असा त्या काळचा परिपाठ सांगून तो म्हणतो, की आरंभापासून चुचकारण्याबरोबर कठोर वागणूक आणि टक्‌टक्‌ करण्याबरोबर सौम्य वागणूक दिली, तर घोडा नेमके उलट शिकेल. शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेच्या दोन सहस्रकांहून अधिक आधी, एका घोडेस्वाराने, तेही पागेत, खुणेला अर्थ सोबतच्या वागणुकीने जडतो हे ओळखावे याचे मला राहून राहून कौतुक वाटते!

परंतु शब्दाला असा अर्थ जडायचा तर क्रम सांभाळावा लागतो. सात-आठ मीटर दोरीच्या टोकाशी फिरणारा घोडा, डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे, जवळजवळ चहूकडचे पाहतो. शिक्षक त्याच्या मागील अंगाच्या रोखाने सरकला की तो पुढे निघतो, खांद्याच्या पुढे आला की मंदावतो. देहाची ही खूण त्याला शब्दावाचूनच कळते. म्हणून शब्द आधी उच्चारावा, क्षणभर थांबावे, मग चाबूक उचलावा आणि घोड्याने चाल बदलताच तो तत्काळ खाली घ्यावा. दोन्ही एकदम झाल्यास शब्द वाया जातो. गाडी फलाटात शिरत असतानाच वाजणाऱ्या घंटेकडे कोण लक्ष देणार?

देहाच्या हालचालीचे श्रेय किती सहज शब्दाला दिले जाते, याचा दाखला बर्लिनच्या हान्सने दिला. फॉन ओस्टेन यांचा हा घोडा खुरांचे ठोके देऊन गणिते सोडवी, आणि 1904 साली चौकशी करणाऱ्या तज्ज्ञ मंडळासही त्यात लबाडी आढळली नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ कार्ल स्टुम्फ यांच्या हाताखालील ऑस्कर फुंग्स्ट यांनी, प्रश्नकर्त्यालाच उत्तर ठाऊक नसेल, अथवा घोड्याला तो दिसत नसेल, अशी योजना केली. तेव्हा हान्सची विद्वत्ता लोपली. अपेक्षित ठोका येताच प्रश्नकर्त्याचे मस्तक नकळत किंचित वर उचलले जाई, आणि घोडा तेवढेच वाचत असे. फुंग्स्ट यांनी 1907 साली हे सविस्तर प्रसिद्ध केले. तथापि नकळत दिलेल्या इशाऱ्यांच्या या परिणामाला नाव मिळाले ते घोड्याचे, शोधकाचे नव्हे. विज्ञानाच्या दप्तरातील हा अन्याय मला तरी खटकतो.

तेव्हा आपला घोडा ‘माणसाची भाषा जाणतो’ असे सांगणाऱ्यांस एवढीच विनंती, की चाबूक दूर ठेवून, हातपाय व मान निश्चल राखून, हाक द्यावी, आणि पुढल्या खेपेस त्याच सुरात एखादा भलताच शब्द उच्चारून पाहावा. पहिल्या हाकेला चाल बदलली, तर शिक्षण आवाजापर्यंत पोहोचले. दुसरीलाही बदलली, तर घोडा सूर ओळखतो, शब्द नव्हे. कावा देण्याच्या कामाला मात्र तेवढे पुरते.